सहा वेल, दोन वह्या

दत्ताकाका,

शनिवारी सकाळी मी वेलांचे डोळे कापून पाहिले. काडीवर जिथून नवी फूट येते त्या जाड कळीला डोळा म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. नवं ब्लेड घेतलं, प्रत्येक डोळा आडवा कापला, आत हिरवं आहे की तपकिरी ते भिंगातून पाहिलं आणि वहीत खूण केली. हिरवा म्हणजे जिवंत. प्रत्येक वेलाचे वीस, सहा वेलांचे एकशेवीस. तुम्ही ऑक्टोबरात छाटलेल्या चार वेलांचे ऐंशी आणि तुमच्या कात्रीतून सुटलेल्या दोन वेलांचे चाळीस. मे महिना अर्धा सरला होता, शेजारच्या मेपलची सावली पडायला लागली होती, आणि आपल्या तारांवर एकही पान नव्हतं. निकाल दिसतच होता. तरी मोजणी पूर्ण केली, कारण तुम्ही म्हणाला होतात, "मोज."

ऐंशीपैकी हिरवे शून्य. चाळीसपैकी हिरवे शून्य. तीन डोळ्यांबद्दल शंका होती, ते पुन्हा पाहिले, तेही तपकिरी. मग सुरीने खोडांची साल जमिनीपर्यंत खरवडली. सहाच्या सहा वेल मेलेले आहेत.

याचा अर्थ तुम्हाला माझ्याआधी कळला असता. छाटणीने मेले असते तर चार मेले असते. न छाटलेले दोन उरायला हवे होते. तुम्हाला जाऊन अकरा आठवडे झाले, आणि आता मला कळलंय की ऑक्टोबरात मागच्या अंगणात मी तुम्हाला जे बोललो ते खरं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. ओळख अशी नव्हतीच. "ऐकलंय, तुझ्या घरामागं दक्षिणेला मोकळी जागा आहे. ऊन किती तास असतंय?"

मी म्हणालो, "जूनमध्ये सव्वानऊ तास. सप्टेंबरअखेर सात."

हातातली जिलबी तशीच धरून तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "हे मोजलंयस तू?"

"हो. टोमॅटोसाठी."

"आरं, हा तर तलाठी निघाला!" तुम्ही सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणालात, आणि तेव्हापासून मी तलाठी झालो. कारखान्यात मी क्वालिटीचं काम करतो, मोजणं हीच माझी नोकरी आहे, हे सांगूनही उपयोग झाला नाही.

काकू गेल्यावर तुम्ही मोठं घर विकून कॉन्डोतल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होतात. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीएवढीच माती तुमच्या वाट्याला उरली होती. "चाळीस वर्षं भूल देऊन लोकांना झोपवलं," तुम्ही म्हणायचात, "आता कायतरी जागं करायचंय." वडिलांची तासगावजवळ द्राक्षबाग होती, पण डॉक्टर व्हायचं म्हणून तुम्हाला बागेत फारसं जाऊ दिलं नाही, ही तुमची सत्तर वर्षांची तक्रार. मग आपण एडलवाइस नावाचं पांढरं द्राक्ष मागवलं. मिशिगनच्या थंडीत टिकणारं, रसाला चालणारं आणि वाइनलाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हा वेल उणे पंचवीस फॅरनहाइटपर्यंत तगतो. तो आकडा मला तेव्हाच पाठ झाला. आठ-आठ फुटांवर सहा खड्डे मी खणले, तुम्ही खुर्चीत बसून ते कसे चुकतायत ते सांगितलं.

दर शनिवारी तुम्ही एक बस बदलून यायचात. गाडी चालवणं सोडल्यापासून बसचं वेळापत्रक तुम्हाला पाठ होतं, आणि बस उशिरा आली की तुम्ही मला सांगायचात, जणू ते माझ्या वहीत जायलाच हवं. खरं सांगतो, मी लिहायचोही.

तिसऱ्या वर्षी पहिलं पीक आलं, सत्तावीस पौंड. द्राक्षं चेचायला यंत्र हवं होतं, आणि आपण दोघांनी काय वापरलं तर माझ्या बायकोचं, सुनीताचं, पुरणयंत्र. तुमचीच कल्पना. मी मान्य केली, कारण छिद्रांचं माप बरोबर वाटलं. द्राक्षाच्या बिया त्यात भरडल्या जातील हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रस सुंदर दिसत होता. हिवाळ्यानंतर बाटली उघडली तेव्हा पहिला घोट घेऊन तुम्ही पेला उजेडात धरलात.

"कसंय?" मी विचारलं.

"भूल द्यायला चालेल," तुम्ही म्हणालात.

सुनीता आतून ओरडली, "आणि माझ्या यंत्राचा वास गेलेला नाही अजून! या वर्षी होळीला पोळ्या नाहीत, दोघांनाही."

पुढच्या वर्षीपासून आपण हातांनी चेचायला लागलो. तुमची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, तरी त्या टबात हात घातलात की तुम्ही वीस वर्षांनी लहान दिसायचात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

तोडणी कधी करायची यावर आपण चार वर्षं भांडलो. रसातली साखर मोजायची माझी नळी पंधरा-सोळा दाखवायला लागली की वाइनसाठी द्राक्ष उतरवायलाच हवं. त्यानंतर त्याला एक रानटी वास येतो, तो वाइनमधून जात नाही. तुम्ही एक मणी तोंडात टाकायचात, बी दाताखाली फोडायचात आणि म्हणायचात, "अजून आठ दिवस. गोडी भरू दे."

"काका, गोडी म्हणजे काय? आकडा सांगा."

"आकडा तू चाख. मी द्राक्ष चाखतो."

शेवटी तह झाला. तीन वेल माझ्या नळीप्रमाणे, वाइनसाठी. तीन तुमच्या दाताप्रमाणे, रसासाठी. आमच्या गणपतीला पहिला रस नैवेद्याला ठेवायचा, आणि वाइनची काचेची बरणी विसर्जनापर्यंत बेसमेंटमध्ये चादरीखाली झाकून ठेवायची. वरच्या नळीतून तिचा बुडबुडा ऐकू यायचा. आरती चालू असताना तुम्ही माझ्याकडे बघून एक भुवई उचलायचात.

आणि छाटणी. तुमच्या गावाकडे बागेचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, छाटणीच्या कात्रीला हळदकुंकू लावून झेंडू वाहायचा आणि मग ऑक्टोबर छाटणी; त्या छाटणीवर फळ येतं. मिशिगनमध्ये हे चालत नाही. इथे थंडीआधी वेलाला हात लावायचा नाही, छाटायचं ते मार्चमध्ये, थंडी सरता सरता. मी तुम्हाला हे पहिल्याच वर्षी वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "पूजलेलं हत्यार नुसतं ठेवून देत नाहीत, तलाठी." म्हणून दरवर्षी दसऱ्याला तुम्ही शकुनापुरती एकच काडी कापायचात, वीतभर, मी शेजारी उभा असताना. बाकी सगळं मार्चमध्ये, मी. पाच वर्षं हे नीट चाललं.

मागच्या ऑक्टोबरात मी कामावरून आलो तर तुम्ही अंगणात होतात. शनिवार नव्हता, बुधवार होता. चार वेल पूर्ण छाटलेले, काड्यांचा ढीग गवतावर, आणि तुम्ही पाचव्याला हात घालत होतात. सुनीता दारात उभी होती. मी गाडीची किल्लीही खिशात टाकली नव्हती.

"काका, काय करताय हे?"

"ऑक्टोबर आहे."

"पन्नास वर्षं इथे राहून तुम्हाला इथली थंडी कळली नाही? मार्चपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना आपलं? पाच महिने! पाच महिने थांबवलं नाही तुमच्याने? चार वेल मारलेत तुम्ही, काका. सहा वर्षांचे."

सुनीता म्हणाली, "महेश, अरे हळू." तुम्ही कात्री मिटली, तिची कडी लावली. चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला आज आठवतंय. तेव्हा मी पाहिलं नाही. "दोन राहिलेत ते राहू देत तसेच," तुम्ही म्हणालात. "चार कापलेले, दोन न कापलेले. वही आहे ना तुझ्याकडे? वसंतात मोज." मग सुनीताने तुम्हाला घरी सोडलं. मी काड्या गोळा करत बसलो. त्यानंतर तुम्ही आमच्या अंगणात आला नाहीत.

तुमची मुलगी अनिता हिने नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात फोन केला तेव्हा कळलं की डॉक्टरांनी तुम्हाला सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं. किती महिने, तेही सांगितलं होतं. तुम्ही डॉक्टर, तुम्ही ते मोजलं असणार. मी तुम्हाला मार्चपर्यंत थांबा म्हणत होतो.

हे कळल्यावर मी माफी मागायला हवी होती. मी भेटायला आलो, तीनदा आलो, पण माझ्या मनात अजून ते चार वेल होते. आपण चुकलो असं मला वाटत नव्हतं. तुम्ही आजारी आहात म्हणून इथली थंडी कमी होणार नाही, असं मी सुनीताला म्हणालो, आणि तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं याआधी कधी बघितलं नव्हतं.

जानेवारीत तुमच्यासाठी फ्रीझरमधला रस आणला होता, मागच्या सप्टेंबरचा. तुम्ही दोन चमचे घेतलेत. "गोडी आहे रं," म्हणालात. मग डोळे मिटून विचारलंत, "काल पारा कितीवर गेला?"

"उणे अकरा."

"गेले मग," तुम्ही म्हणालात.

मी चमचा पुसून ठेवला. तुम्हाला तो कागदावरचा आकडा आठवत नव्हता. मला आठवत होता. आयुष्यभर कुणी न विचारता आकडे सांगत आलेला माणूस मी, आणि त्या खोलीत एकच आकडा उपयोगाचा होता तो मी गिळला. छाटलेला वेल कमी तगतो, तेव्हा तो आकडा आता लागू नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण न छाटलेल्या दोघांना तो लागू होताच. तेवढं तरी सांगता आलं असतं. खरं कारण असं की मला बरोबर ठरायचं होतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

शनिवारच्या मोजणीनंतर रविवारी अनिताचा फोन आला. तुमचं काही सामान गॅरेजमध्ये आहे, बाटल्या, नळ्या, कात्री. घेऊन जा म्हणाली. इप्सिलँटीला तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. गॅरेजच्या बाजूला कुंपणावर एक द्राक्षवेल होता. त्याला हातभर लांब कोवळ्या फुटी आल्या होत्या. मी पानं पाहिली. एडलवाइस.

"हा कुठला?"

"तुमचाच ना," अनिता म्हणाली. तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे. "डॅडने तुमच्याकडून स्टिक आणली होती. फोर इयर्स झाली."

"आणि छाटतं कोण?"

"डॅड. एव्हरी ऑक्टोबर. दसऱ्याला तुमच्याकडून मग इथे यायचा, त्या सिझर्सना फ्लॉवर्स वगैरे घालायचा. लास्ट इयर पण केलं." मग ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "ही सेड, डोन्ट टेल महेश. ही विल मेक अ चार्ट."

काका, चार वर्षं तुम्ही माझ्याकडे शकुनाची एक काडी कापून गप्प बसत होतात आणि तिकडे जाऊन अख्खा वेल छाटत होतात. तो जगत होता. तरी त्या बुधवारी, मी तुमच्या तोंडावर एवढं बोललो तेव्हा, तुम्ही त्या वेलाचं नाव काढलं नाहीत. का? मी चार्ट केला असता म्हणून? की वसंतात मोजून मला आपोआप कळावं म्हणून? हे विचारायला आता कुणी नाही.

एका वेलावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कुंपणाचा आडोसा आहे, माती वेगळी असेल. पण तीच जात, तीच थंडी, तीच कात्री, आणि तो हिरवा. माझ्याकडचे सहा मेलेले, त्यातल्या दोघांना कुणी हात न लावता. मग माझ्या अंगणात असं काय होतं जे तिथे नव्हतं?

त्याच दुपारी घरी येऊन मी द्राक्षांची वही पहिल्या पानापासून वाचली. मागच्या जूनच्या नोंदीत तुम्ही ठेवलेलं वेलाचं पान मिळालं, वाळून कागदासारखं झालेलं. कडा दातेरी, शिरा एकत्र ओढलेल्या, हातपंख्यासारखं आखडलेलं. तुम्ही ते तोडून माझ्यापुढे धरलं होतंत. "ही पानं अशी का रं? पंखा झालाय नुसता. नोंद कर." मी उन्हाने असेल म्हणालो. माझ्या अक्षरात खाली लिहिलंय: पानं आखडली, सहाही वेल, कारण अज्ञात. त्याखाली सप्टेंबरचं पीक. आदल्या वर्षी एकसष्ट पौंड, मागच्या वर्षी एकोणीस. ते मी किड्यांवर ढकललं होतं.

लॉनची वही वेगळी आहे. मी दोन कामांच्या नोंदी कधी एकत्र करत नाही. ती काढली. मागच्या मेच्या शेवटच्या आठवड्यात नोंद आहे: डँडेलायनवर तणनाशक फवारलं, संपूर्ण मागचं अंगण, मात्रा लेबलप्रमाणे, हवा गरम, वारा पश्चिमेचा.

त्याआधी मी कधीच फवारलं नव्हतं. डँडेलायन, ते पिवळ्या फुलांचं तण, तुम्ही काढायचात, आठवतं? लाकडी स्टुलावर बसून, खुरप्याने, एकेक मुळासकट. मी मोजायचो. मागच्या मेमध्ये दोन शनिवार तुम्ही स्टुलावर बसलात आणि काहीच न करता उठलात. "दमायला होतंय," म्हणालात. तेवढ्यात एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक-संघाचं, पत्र आलं की अंगण पिवळं झालंय, आवरा. मी दुकानातून बाटली आणली. मात्रेचा तक्ता तीनदा वाचला. त्याखालच्या बारीक अक्षरांतलं वाचलं नाही. बाटली अजून आमच्या गॅरेजमध्ये होती, ती या रविवारी वाचली. या औषधाची गरम हवेत वाफ होऊन ती दूरवर पसरते, द्राक्षवेलांपासून दूर ठेवा, असं तिथे लिहिलंय. द्राक्षवेलांचं नाव घेऊन लिहिलंय.

पानं आखडली की वेलाला अन्न साठवता येत नाही, आणि उपाशी वेल थंडीत तगत नाही. आपले सहा वेल ऑक्टोबरच्या आधीच अर्धमेले झालेले होते. दोन्ही वह्या मी शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. दोन नोंदींमध्ये बारा दिवसांचं अंतर आहे. एक वर्ष त्या एकाच कपाटात, एकाच फळीवर होत्या.

सुनीताला दाखवलं. तिने दोन्ही पानं वाचली आणि एवढंच म्हणाली, "आता हे कुणाला सांगणार तू?"

तेच तर आहे. अनिताला सांगितलं तर ती माफ करेल, पण तिच्यावर मी ओरडलो नव्हतो. ज्याच्यावर ओरडलो तो चार वेल आपण मारले असं समजून गेला. "गेले मग" असं म्हणून गेला. त्याच्यात आता कुठल्याही वहीने दुरुस्ती होणार नाही. पुन्हा सहा वेल लावा असं लोक म्हणतील. मी आकडेमोड केली. पहिलं पीक यायला तीन वर्षं लागतात, खड्डे मला खणता येतील, रसही चेचता येईल. पण बी दाताखाली फोडून अजून आठ दिवस म्हणणारं कुणी नसेल, तर मी माझ्या नळीप्रमाणे बरोबर दिवशी सगळी तोडणी करून टाकेन, आणि तसलं बरोबर मला आता नको आहे. खांब आणि तारा पुढच्या आठवड्यात काढणार आहे.

निघताना अनिताने विचारलं होतं, "आता मी कधी कट करू? ऑक्टोबर?" तिला तुमचंच उत्तर हवं होतं. मी मार्च म्हणालो. खोटं सांगता आलं नाही, काका, तुमच्यासाठीसुद्धा. ऑक्टोबर इथे चूकच आहे, तुमचा एक वेल नशिबाने वाचतोय. त्यावर तुम्ही आता काहीतरी म्हणाला असतात आणि आपलं अर्ध्या तासाचं भांडण झालं असतं. कात्री मी तिच्याकडेच ठेवून आलो. शकुनाची एक काडी कशी कापायची ते दाखवलं. वीतभर, त्याहून जास्त नाही.

द्राक्षांच्या वहीत 'कारण अज्ञात' खोडून कारण लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली. तुमचं ते पान होतं तिथेच ठेवलं आहे.

आणि जानेवारीत तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर राहिलं होतं. हा वेल उणे पंचवीसपर्यंत तगतो, काका. उणे अकराने त्याला काही होत नाही.